साडूभाऊंचे कच्चे बंध

माझ्या साडूंइतका सैल माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. सैल म्हणजे चारित्र्यानं नव्हे. त्या बाबतीत चघळायला मिळेल असं काही त्यांनी सासुरवाडीला कधीच दिलं नाही, हे सासुरवाडीचं दुर्दैव. सैल म्हणजे गाठीनं, खिळ्यानं, बटणानं. त्यांच्या स्कूटरचा मडगार्ड स्कूटरपेक्षा जरा उशिरा घरी पोचायचा. चष्म्याच्या काडीत स्क्रूच्या जागी शिवणाचा दोरा असायचा. त्यांनी बरणीला झाकण लावलं म्हणजे ते बरणीवर नुसतं टेकवलेलं असायचं, आणि त्यांच्या मागून जो कोणी ती बरणी उचलील त्याच्या हातात झाकण अन् पायावर लोणचं अशी वाटणी व्हायची. ही वाटणी माझ्या वाट्याला एकाहून जास्त वेळा आली, कारण जन्मभर शाळेत इतिहास शिकवणारा माणूस इतिहासावरून काही शिकतोच असं नाही. मी पाय धूत असलो की ते शेजारी उभे राहून समजूत काढायचे, "पाव्हणं, पक्कं बसलं की मेलं. जे जितं हाय, ते जेमतेमच बसलेलं असतंय."

हे त्यांचं तत्त्वज्ञान नव्हतं, तो त्यांचा विषय होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे काष्टीचे, आणि तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. तरुणपणी पुण्यात राहून त्यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकावर पीएचडी केली होती. आमचे सासरे माळकरी. स्थळ सांगून आलं तेव्हा मध्यस्थानं घाबरून 'मुलगा औषधांत डॉक्टर आहे' असं सांगितलं, आणि लग्न झाल्यावर निम्मं गाव सांधेदुखी घेऊन यांच्यापुढं बसू लागलं. साडूभाऊ कोणालाच नाही म्हणाले नाहीत. प्रत्येकाचा गुडघा हलक्या हातानं दाबत ते त्याला प्रथिनांबद्दल सांगायचे, आणि लोक खरोखर बरं वाटतंय म्हणून घरी जायचे. वर्गात ते इंग्रजीत शिकवत, पण वर्गाचा उंबरठा ओलांडला की भाषा थेट काष्टीची. त्यांचं म्हणणं, इंग्रजी ही घट्ट बटणाची भाषा, घरी आलं की सोडून ठेवायची.

आमची पहिली गाठ पडली ती माझ्या पहिल्या दिवाळीत. सासुरवाडी पारनेर तालुक्यात, राळेगणच्या अलीकडं. मी नवा जावई. आपल्याला पाटावर बसवून चारी बाजूंनी माणसं उभी राहतील अशा तयारीनं कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पण घरात सणाची इतकी गर्दी आणि प्रत्येकाला इतकं काम, की मी जिथं टेकेन तिथून कोणीतरी मला उठवत होतं. ओट्यावर बसलो तर ओटा सारवायचा होता. पडवीत गेलो तर तिथं मका ओतायचा होता. स्वैपाकघराच्या दारात रेंगाळलो तर सासूबाईंनी पदर सावरला आणि आतल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. सरकत सरकत मी गोठ्यात, कडबाकुट्टीच्या यंत्रामागं पोचलो. तिथं उलट्या घमेल्यावर एक गृहस्थ आधीच बसले होते.

"या पाव्हणं," शेजारी दुसरं घमेलं सरकवत ते म्हणाले, "मी वाटच बघत हुतो."

"माझी?"

"तुमची म्हंजी, दुसऱ्या जावयाची. येनार तर हुताच. तेलाचं थेंब पान्यात एकत्र का येत्यात, सांगा बरं?"

मी इतिहासाचा पदवीधर. म्हटलं, "त्यांना एकमेकांबद्दल ओढ असेल."

"अजाबात न्हाई. पानी आपापसात हात धरून बसलेलं असतं. त्यात ह्ये तेल मधीच आलं की पान्याची पंचाईत हुती. मग पानी त्येला ढकलत ढकलत एका कोपऱ्यात नेतंय. प्रथिनाच्या पोटात बी ह्योच परकार. पान्याला नकोसं झालेलं भाग आत दडी मारून बसत्यात, आन् त्यांच्या त्या दडून बसन्यानं सगळ्याला आकार येतो. आपन दोघं जावई म्हंजी त्येच."

"म्हणजे आपलं एकमेकांवर तसं काही..."

"कशाचं! मी तर तुमाला आत्ताच पाहिलं," ते म्हणाले आणि खिशातून चिवड्याची पुडी काढून माझ्यापुढं धरली. पुडी अर्थातच बांधलेली नव्हती. निम्मा चिवडा गाईनं खाल्ला.

त्याच दिवाळीत मला प्रथिन म्हणजे काय ते समजलं. म्हणजे त्यांनी समजावलं. समजायला पुढची बरीच वर्षं गेली. समजावण्यासाठी त्यांना एक दोरी हवी होती. वाळत घातलेल्या पायजम्यातून त्यांनी एक नाडी ओढून घेतली. "ही बगा साखळी. हिच्यातलं जोड पक्कं, ओढून तुटत न्हाईत. पन अशी लांबलचक नाडी काय कामाची? कामाला येती ती घडी पडल्यावर." मग त्यांनी नाडीच्या घड्या घातल्या, वेटोळी केली, आणि तळहातावर एक सुरेख गोळा तयार झाला. "आता ही घडी कशानं टिकली? गाठ हाय का? न्हाई. दोरा हाय का? न्हाई. हिकडचा भाग तिकडच्या भागाला जाता जाता जरा धरतो, इतकंच. एकेक धरनी इतकी कच्ची की फुंकलं तरी सुटंल. पन अशा पुष्कळ कच्च्या धरन्या एकदम धरत्यात, तवा कुटं ही घडी उभी ऱ्हाती. तुमी-आमी चालतो, बोलतो, लाडू पचवतो, ते सगळं ह्या कच्च्या बंधांवर." मी भारावून ऐकत होतो. एवढ्यात सासरे पूजेला निघायचे म्हणून पायजमा शोधू लागले. पुढचा प्रसंग लिहिण्यासारखा नाही. एवढंच सांगतो, की त्या सायंकाळी सासऱ्यांनी आरती एका हातानं केली.

त्यांच्या सैलपणावर माझा विश्वास मात्र बसेना. आम्ही नगरला सावेडीत घर घेतलं आणि सामान हलवायला ते मुद्दाम काष्टीहून आले. बायकोचं माहेरून आलेलं लाकडी कपाट होतं, दाराला मोठा आरसा. साडूभाऊंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि टेम्पोत त्या कपाटाला हिकडून तिकडून इतक्या ठिकाणी बांधल्या की ते कपाट नवसाच्या झाडासारखं दिसू लागलं. एकही चिंधी घट्ट नव्हती. वाटेत दिल्ली दरवाजाशी चहाला थांबलो. ते बशीत चहा ओतून फुंकर मारत बसलेत असं पाहून मी गुपचूप टेम्पोत चढलो, ड्रायव्हरकडचा नायलॉनचा दोर घेतला, कपाटावर गुडघा रोवला आणि दात खाऊन तो असा आवळला की मला माझ्याच मर्दुमकीचं कौतुक वाटलं. पुढं नगरचे रस्ते. खड्डा आला की चिंध्यांवर कपाट जरा डुलायचं आणि जाग्यावर यायचं; पण आता दोर त्याला डुलू देईना. घरी पोचलो तेव्हा आरसा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकला होता. बायकोनं त्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं. आता मी दोन दिसते. एक तुम्हाला बोलायला, एक दाजींना."

मी खाली मान घातली. साडूभाऊ चिंध्या सोडता सोडता इतकंच म्हणाले, "पाव्हण्यांचा दोर मात्र लई पक्का हुता."

काष्टीच्या बाजारात त्यांचा एक ठरलेला न्हावी होता. एकदा मला तिथं घेऊन गेले. खुर्चीत बसण्याआधीच न्हाव्यानं विचारलं, "सर, आज बंध तोडायचे का नुसती दाढी?" केस हेही प्रथिनच, हे एव्हाना बाजारातल्या भाजीवाल्यांनाही पाठ झालं होतं. "केस वला केला की त्यातलं कच्चं बंध सुटत्यात," आरशातून माझ्याकडं बघत साडूभाऊ सांगू लागले, "मग त्येला पायजे तिकडं वळवावा. वाळताना त्यो नव्या जागी धरतो. पुन्हा वला केला की पुन्हा मोकळा. म्हनून तर भांग रोज पाडावा लागतोय."

न्हाव्यानं माझ्या डोक्याकडं नजर टाकली. "आन् ह्या पाव्हण्यांचं काय, सर?"

"त्यांचं मुळातलंच सुटलंय," साडूभाऊ म्हणाले. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, कारण न्हाव्याच्या हातात वस्तरा होता.

पण त्यांची सगळ्यांत मोठी खोड म्हणजे येणं. काष्टीहून नगरला एसटीनं यायचं म्हणजे सकाळ त्यातच जाते. आणि हा माणूस येणार कशासाठी? तर मागच्या खेपेला पिशवीतून चुकून गेलेला आमचा कपड्यांचा चिमटा परत द्यायला. आमचं भिंतीवरचं घड्याळ पुढं आहे की त्यांचं मागं, ते पाहायला. लिंबाला मोहर आलाय का, विचारायला. एकदा तर 'बसमधी जागा रिकामी दिसली' म्हणून. येत, पाणी पीत, चिमटा दोरीला लावत, बायकोशी स्वैपाकघराच्या दारात उभ्या उभ्या दोन गोष्टी बोलत, आणि मी वर्तमानपत्राची घडी घालून नीट गप्पांना बसावं तोवर "चला, माझी बस" म्हणून निघालेले. मी चिडायचो. "अहो, या माणसाला फोन नावाची वस्तू माहीत नाही का?" बायको हसायची. म्हणायची, "दाजींना यायचं असतं. कारण बिचारं त्यांना बसमध्ये सापडतं."

मी मात्र काष्टीला जायचो ते लग्न, बारसं, नाहीतर आजारपण असेल तरच. घटना म्हटली की कारण पाहिजे. तात्कालिक कारण, मूळ कारण, आणि शेवटी परिणाम. सहज म्हणून कोणी कुठं गेल्याचं मी मुलांना कधी शिकवलं नव्हतं.

मग माझी बायको गेली. त्याला आता काही वर्षं झाली. कशानं गेली ते इथं लिहीत नाही. स्वतःच्या आजाराबद्दल चारचौघांत बोललेलं तिला आवडत नसे. तेराव्याला माणसं जमली. जेवणं उरकल्यावर तिचे एक चुलत चुलते, गावातले बुजुर्ग, सुपारी कातरत बसले होते. मला आणि साडूभाऊंना शेजारी बसलेलं पाहून ते अगदी निर्मळ मनानं म्हणाले, "बाई हुती तवर साडू. आता तुमी दोघं एकमेकांचं कोन लागता?"

त्यात वाईट असं काही नव्हतं. म्हाताऱ्यानं हिशेब मांडला होता आणि तो बरोबर होता. दोन बहिणी म्हणून दोन साडू. एक बहीण गेली की उरतात ते दोन पुरुष, एक काष्टीचा, एक नगरचा. मला त्या दिवसात रडायला बरीच कारणं होती, पण भीती वाटली ती या वाक्याची. घर रिकामं झालंय हे मला कळलं होतं. फाटकाशी येऊन 'पाव्हणं' म्हणणारं माणूसही तिच्याबरोबर जायचं होतं, हे तोवर ध्यानात आलं नव्हतं. मी साडूभाऊंकडं पाहिलं. ते पत्रावळीवरचा भाताचा एक दाणा बोटानं इकडून तिकडं करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पांगले. ते पायरीवर चपला चढवत बसले होते. मी मागं उभा. तेव्हा माझ्याकडं न बघता ते बोलू लागले.

"पाव्हणं, एक प्रथिन हाय. गाईबैलाच्या पोटातलं. त्येची साखळी एका जागी कापली. कच्चा बंध न्हाई बरं का, पक्का. नाडीच कापली म्हना ना. दोन तुकडं झालं. कुनालाबी वाटंल, आता ह्यो तुकडा हिकडं, त्यो तिकडं. मधी जोड तर ऱ्हायलाच न्हाई."

"मग?"

"न्हाई गेलं. आतल्या आत बारीक बारीक ठिकानी एकमेकाला धरलेलं हुतं ना. त्या धरनीवर तसंच बसून ऱ्हायलं. आन्..." इथं ते थांबले. चपलेचा पट्टा त्यांनी उगीचच काढून पुन्हा घातला.

"आणि काय?"

"आन् काम करत ऱ्हायलं," ते म्हणाले. "चला, माझी बस."

त्यानंतर ते जे येऊ लागले, त्याला येणं म्हणायचं की हजेरी, कोण जाणे. कारणं दिवसेंदिवस पातळ होत गेली. नगरच्या बसच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलंय, ते वाचायला आलो. तुमच्या गल्लीतलं कुत्रं मागच्या वेळी लंगडत हुतं. हितं पाऊस हाय का? (तो काष्टीतही नव्हता, आणि आकाश एकच होतं.) मी कारण विचारायचो, कारण ते सांगताना त्यांना होणारी मजा मला हवी असायची. ते फाटकात दिसले की घराला पुन्हा घराचा आकार यायचा. पण हे मी त्यांना कधी बोललो नाही. सांगितलं असतं तर त्यांनी लगेच त्याचं रसायनशास्त्र केलं असतं.

एके दिवशी ते चीक घेऊन आले. काष्टीत शेजाऱ्याची गाय व्याली होती. किटलीचं झाकण त्यांच्या पद्धतीनं लावलेलं, त्यामुळं निम्मा चीक बसमध्येच एका बाईच्या बोचक्याला पाजून झाला होता आणि कंडक्टरनं त्यांना श्रीगोंद्यापासून उभं केलं होतं. उरलेल्याचा खरवस करायचा ठरला; बायको करायची तसा. आम्ही दोघांनी मिळून हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि कुकरपुढं उभे राहिलो. मी गॅस मोठा केला.

"बारीक करा," साडूभाऊ म्हणाले.

"ती मोठ्यावरच करायची."

"तुमी कवा गेल्ता सैपाकघरात?"

हा वर्मी घाव होता, म्हणून मी गॅस आणखी मोठा केला. झाकण उघडलं तेव्हा आत खरवस नव्हता. जाळी पडलेलं, खाली पाणी सुटलेलं, चावलं तर चपलेच्या टाचेसारखं कचकन दाताखाली येणारं काहीतरी होतं. आम्ही ते ताटलीत घेऊन समोरासमोर बसलो.

"लई घाई झाली," चमच्यानं टोचत ते म्हणाले. "चिकातल्या प्रथिनाला हळूहळू ऊब लागली की घड्या निवांत उलगडत्यात, आन् मग एकमेकांना मऊसूत धरत्यात. घाई केली की जो हाताला लागंल त्येला आवळून धरायचं. मानसाचं बी तसंच हाय."

मला चावायला बराच वेळ लागत होता.

"ती जायफळ घालायची," ते थोड्या वेळानं म्हणाले.

"खरवसात? वेलदोडा."

"वेलदोडा तर घालायचीच. वरून जायफळ. किसता किसता बोटाला किसनी लागंल असा शेवटचा बारका तुकडा उरला की त्यो टाकून द्यायची न्हाई. दुसऱ्या दिवशी तुमच्या चहात टाकायची."

मी चमचा खाली ठेवला. कधी कधी सकाळच्या चहाला एक निराळाच, उबदार वास यायचा. मी म्हणायचो, आज दूध चांगलं आलंय. ती म्हणायची, हो. संसारभर मी दुधवाल्याचं कौतुक करत आलो होतो.

"तुम्हाला कसं माहीत?"

"दारात उभा ऱ्हायचो की. सांगायची."

"आणखी काय सांगायची?"

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा बस सोडली. स्वैपाकघराच्या दारातल्या उभ्या उभ्याच्या त्या दोन-दोन गोष्टी त्यांच्याजवळ इतक्या साठल्या होत्या, की ऐकता ऐकता अंधार पडला आणि दिवा लावायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी जिच्याबरोबर जन्म काढला तिच्याबद्दल मला त्या संध्याकाळी नवं काही कळत होतं. गेलेल्या माणसाचं नवं काही कळणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. त्यानंतर त्यांची वाट पाहण्याला माझ्याकडं आणखी एक कारण झालं. ते येताना तिला थोडी थोडी घेऊन यायचे.

आणि मागच्या वर्षी ते गेले. घाबरू नका, बंगळुरूला गेले. मुलगा तिथं नोकरीला. ताईंचे, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, दोन्ही गुडघे धरले होते, शस्त्रक्रिया करायची, पुढं काळजी घ्यायला माणूस हवं. काष्टीचं घर बंद करून दोघांनी तिकडंच राहायचं ठरलं. साडूभाऊंना जायचं नव्हतं, पण ताईंना एकटं पाठवणं त्यांना जमलं नसतं, आणि ताईंना अडवणं मला. मी पोचवायला नगर स्टेशनवर गेलो. ताईंना डब्यात बसवून ते फलाटावर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मी न रडता बोलू शकेन असं एकच सुचलं.

"साडूभाऊ, हे तुमचे कच्चे बंध किती लांबून लागतात हो?"

मला वाटलं होतं, ते काहीतरी काढतील. काष्टीहून नगरपर्यंतच्या प्रत्येक फेरीला ज्यानं एक कारण बनवलं, त्याला बंगळुरूपर्यंतचं एवढं एक बनवता येणार नाही? ते रुळांकडं बघत राहिले. चष्मा काढला, पुसला.

"न्हाई लागत, पाव्हणं," ते म्हणाले. "त्येला लई जवळ असावं लागतंय. जरा लांब झालं की धर जातीच."

येण्याच्या बाबतीत जन्मभर थापा मारणारा हा माणूस विषयाच्या बाबतीत खोटं बोलू शकला नाही. गाडी हलली. ते दारात उभे होते, आणि दांडी अशी काही हलक्या हातानं धरली होती की मी ओरडलो, "अहो, घट्ट धरा!" त्यांना ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

सुरुवातीला फोन यायचे. मग ताईच बोलू लागल्या. परवा त्यांना विचारलं, "साडूभाऊ कसे आहेत?" त्या म्हणाल्या, "बरे आहेत. सून तर म्हणते, बाबा किती शांत आहेत, कशालाच त्रास नाही." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला, पण ते वाक्य काही ठेवता येईना. शांत? खाली दुकानात यंत्रानं केस कापतात, ताई सांगत होत्या; कापणारा कानात काहीतरी घालून गाणी ऐकतो. लिफ्टमध्ये माणसं आकड्यांकडं बघतात. सकाळी कुठं जायला बस नाही. ते मला एकदा म्हणाले होते, प्रथिनाचा आकार त्याच्या एकट्याचा नसतो, भोवतीच्या पाण्याचाही असतो. भोवतीचं पाणी बदललं की आतून एकही जोड न तुटता घडी हळूहळू उलगडत जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं जिथल्या तिथं आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं. परत येऊन बंगळुरूला फोन लावला. ताईंनी उचलला.

"मी येतोय," मी म्हणालो.

"अगं बाई! का हो? काही काम निघालं का इकडं?"

रांगेत उभं राहून मी कारणाचाच विचार करत होतो. इतिहासाचा माणूस, पण एकही सापडलं नाही. "काम काही नाही," मी म्हणालो. "असाच येतोय."

पलीकडं जरा गडबड झाली. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला, आणि मग बऱ्याच महिन्यांनी तो आवाज. इतक्या वर्षांत ज्यानं मला साध्या चिमट्याबद्दलही एका शब्दात उत्तर दिलं नव्हतं, त्यानं फक्त विचारलं,

"कवा?"

मी वार सांगितला. तिकडून कुठल्यातरी गाडीचा भोंगा ऐकू येत होता, इकडं गल्लीत भाजीवाली ओरडत होती. बोलत कोणीच नव्हतं. फोन मात्र दोघांपैकी एकानंही ठेवला नाही.